थुंकीला आजी विचारू नका

नळीत थुंकायचं, पाकीट पाठवायचं, काही आठवड्यांनी मोबाइलवर आपलं ‘मूळ’ टक्क्यांत वाचायचं आणि स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकायचा. हौस म्हणून ठीक आहे. पण मूळ शोधणाऱ्याला बरेचदा शुद्धता मोजायची असते. ते मोजमाप किती महाग पडतं, हे कोकणातल्या बेने इस्रायलींनी भोगलंय.

हे अलिबाग, पेण, चौल भागातले ‘शनवार तेली’. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. बोली मराठी, आडनावं पेणकर, चेऊलकर. स्वतंत्र इस्रायल झाल्यावर त्यांतले अनेक तिकडे गेले. १९६२मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मावलं : लग्नाआधी यांच्या आई-आजीचं कूळ तपासा. कारण ज्यू धर्मशास्त्रात वारसा आईकडून मोजतात. या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा कुठे १९६४मध्ये त्या फर्मानातून त्यांचं नाव निघालं.

आता कल्पना करा, तेव्हा डीएनए चाचणी हाताशी असती तर? २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की बेने इस्रायलींचे पूर्वज मध्यपूर्वेतले ज्यूही आहेत आणि भारतीयही. त्यातला भारतीय वारसा जास्त करून स्त्रियांकडून आलाय. म्हणजे एका ओळीत त्यांची परंपरा खरी ठरली आणि पुढच्याच ओळीत आजी ‘परकी’ निघाली. धर्मपीठाने यातली कुठली ओळ अधोरेखित केली असती, हे सांगायला हवं का?

शिवाय आईकडचा वारसा सांगणारी चाचणी एकच धागा धरते : आई, तिची आई, तिची आई. दहा पिढ्या मागे तुमच्या वंशवृक्षात १०२४ जागा आहेत. हा धागा त्यातल्या एकीपर्यंत पोचतो. बाकी १०२३ जणांना वगळून कसलं कूळ ठरवताय?

आणि हसू नका, आपलंही तेच आहे. २०१३च्या एका संशोधनानुसार भारतातल्या बहुतेक समूहांत साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भरपूर सरमिसळ झाली. जातीतल्या जातीत लग्नं करून दारं लावून घेतली ती त्यानंतर. ज्या ‘शुद्ध रक्ता’साठी आजही लग्नं मोडतात, ते मुळात मिसळलेलं आहे.

चाचणी खुशाल करा. हरवलेला चुलतभाऊ सापडेल, एखाद्या आनुवंशिक आजाराचा धोका आधी कळेल. पण पंगतीत कोण बसणार आणि कोण उठणार, हे कुठलाही अहवाल सांगत नाही. ते आपण ठरवतो. मग त्याचा जाबही आपणच द्यायचा, थुंकीच्या नळीने नाही.