मातृभाषेचा रकाना

बेळगावची वस्ती बदलली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी जिथे झाली तेच हे शहर २०११ च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या वर गेले होते. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभी राहिली. शिक्षणासाठी, नोकरीसाठी माणसे आली, घरे बांधून राहिली. त्यांच्याशी आमचे वैर नाही. शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत मराठी-कन्नड शेजार पूर्वापार आहे.

आम्हाला काळजी आहे ती जाणाऱ्यांची. मुले पुण्या-मुंबईला स्थिरावली, घरात म्हातारा-म्हातारी उरली. शिवजयंतीच्या चित्ररथांना रस्ते भरतात; मंडळाच्या बैठकीला मात्र तीच दहा-बारा डोकी. २०१८ पासून विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही.

अशा वेळी २०२७ ची जनगणना महत्त्वाची आहे. माणूस राहतो तिथे मोजला जातो. पुण्यातला मुलगा इथल्या आकड्यात येणार नाही. म्हणून जे इथे आहेत त्यांची नोंद चुकता कामा नये.

हा आकडा नुसत्या अभिमानाचा नाही. जिल्ह्यात वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याकविषयक योजनेत ठरलेले आहे. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील, तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, हेही त्यातच आहे. अंमलबजावणीसाठी भांडावे लागते हे खरे. पण आकडाच नसेल तर भांडायचे कशाच्या जोरावर?

मातृभाषा म्हणजे शाळेचे माध्यम नव्हे. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. मुले इंग्रजी शाळेत जात असली तरी आई मराठीत बोलत असेल तर 'मराठी'च सांगावे. ज्यांची आई कन्नड बोलली त्यांनी 'कन्नड' सांगावे. खोटी भर आम्हाला नको.

प्रत्येक गल्लीतील मंडळांना आमची विनंती आहे. गणनेआधी घरोघर जा, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना हा रकाना समजावून सांगा. गणकाने काय लिहिले ते विचारून घ्या. मराठीसाठी मोर्चे आपण पुष्कळ काढले; हे काम त्याहून सोपे आहे, आणि ते दुसरा कोणी करणार नाही.