अब्बांसाठी रील घेताना



मागच्या ईदला आमच्या धाकट्याने आपली सगळी ईदी खर्चून त्याच्या दादांसाठी, म्हणजे आमच्या अब्बांसाठी, गरवायची रील मागवली. किंमत ९५० रुपये. ती दीड महिना टिकली. पैसे गेले याचे दुःख आम्हाला थोडेच झाले. पण त्या रीलपायी एका लेकराचे मन मोडले आणि एका वृद्ध माणसाच्या हाताला पुन्हा जखम व्हायची वेळ आली. म्हणून या महिन्यात मुलांच्या अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून रीलबद्दलच लिहीत आहोत. कोकणातल्या, खाडीकाठच्या घरांना हे थेट उपयोगी पडेल. देशावरच्या वाचकांनाही कोणतीही यंत्राची वस्तू घेताना यातले काही कामाला येईल.

गरवणे म्हणजे गळाने मासे धरणे. आमचे गाव दाभोळच्या खाडीकाठी. अब्बांचे वय ७३. जहाजावरची नोकरी संपवून ते गावी आले तेव्हापासून असरची नमाज झाली की लाकडी पट्टीवर गुंडाळलेला तंगूस, शिशाचा तुकडा आणि मूठभर कोलंबी घेऊन खाडीवर जायचे, हा त्यांचा नेम. मासा मिळो न मिळो, मगरिबच्या आत घरी. अम्मी गेल्यानंतर तर त्यांचे मन रमण्याची ती एकच जागा उरली.

अब्बांना मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्याआधी एक मोठी तांबोशी गळाला लागली आणि ताणलेल्या तंगुसाने डाव्या हाताची तर्जनी कापली. चीर लहानच, पण भरायला दोन महिने लागले. बोट जाते की राहते अशी धाकधूक होती. डॉक्टरांनी बजावले, "चाचा, आता हातात दोर धरायचा नाही." अब्बा तेव्हापासून ओट्यावर बसून राहू लागले. धाकट्याने ते पाहिले आणि काठी व रील आणायची कल्पना त्याच्याच डोक्यातून निघाली. काठी आणि रील असली की माशाची ओढ यंत्र सोसते, बोटे नाही. कल्पना अगदी बरोबर होती. चूक झाली ती निवडण्यात, आणि त्या वेळी आम्हीही लक्ष घातले नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "१३ बेअरिंग". धाकट्याला ती मोठी गोष्ट वाटली. दीड महिन्यानंतर एका संध्याकाळी काठी वाकली, अब्बांनी मूठ फिरवायला घेतली आणि ओढ वाढताच मूठ उलटी गरकन फिरून त्यांच्या बोटांवर आपटली. दोर सैल पडला, मासा गेला. अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची लाकडी पट्टी काढली. धाकटा दारात उभा होता. "दादा, तुम्ही ती नका ना घेऊ," एवढेच म्हणाला आणि आत निघून गेला.

पुढच्या रविवारी आम्ही आणि धाकट्याने मिळून ती रील उघडली. तेरा बेअरिंगांपैकी चार सापडली. उरलेल्या ठिकाणी प्लॅस्टिकच्या चकत्या होत्या. मूठ एकाच दिशेने फिरू देणारा भाग गंजला होता आणि त्यात ग्रीस कोंबलेले होते. तिथेच आमच्या लक्षात आले की आपण खोक्यावरचा आकडा विकत घेतला होता.

रील चालते कशी

निवड करायची तर आधी यंत्र समजले पाहिजे. या प्रकारच्या रीलमध्ये दोर गुंडाळलेली फिरकी, जिला दुकानदार स्पूल म्हणतात, ती दोर गुंडाळताना स्वतः फिरत नाही. तिच्याभोवती तारेची कडी फिरते आणि दोर गुंडाळते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या कापड गिरणीमालकाने १९०५ मध्ये अशा रीलचे पेटंट घेतले. मुंबईच्या गिरण्यांत काम केलेल्या आपल्या बुजुर्गांना बॉबिनवर सूत कसे चढते ते सांगायला नको. दोर फेकताना तो स्थिर फिरकीवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. त्यामुळे नवख्यालाही तो लांब फेकता येतो आणि गुंता कमी होतो.

यात भरवशाचे भाग तीन. पहिला ड्रॅग, म्हणजे ब्रेक. माशाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढले की फिरकी सरकून थोडा दोर सोडते, म्हणून दोर तुटत नाही. दुसरा, मूठ उलटी न फिरू देणारा भाग. सायकलचे फ्रीव्हील आठवा. पुढे पायडल मारले की चाक ओढते, मागे मारले की नुसते फिरते. एका दिशेला पकड, दुसऱ्या दिशेला नाही. रीलमध्येही तत्त्व तेच. जपानची शिमानो कंपनी १९२१ मध्ये सायकलची फ्रीव्हील बनवण्यापासूनच सुरू झाली आणि १९७० मध्ये मासेमारीच्या साहित्याकडे वळली, हे आम्ही धाकट्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. तिसरा भाग म्हणजे कडी आणि कडीच्या टोकाचा छोटा रोलर, ज्यावरून सगळा दोर घासत जातो.

बेअरिंगांची संख्या या तिन्हींनंतर येते. चांगली, गंज न धरणारी चार बेअरिंग असलेली रील हलक्या दर्जाच्या दहा बेअरिंगांपेक्षा सरस.

दुकानात काय तपासले

दुसरी रील आम्ही घरबसल्या मागवली नाही. अब्बांना आणि धाकट्याला घेऊन रत्नागिरीला बंदराजवळच्या दुकानात गेलो. अब्बांना हातात धरून पाहता यावी हा एक हेतू, आणि धाकट्याने स्वतः तपासून घ्यावी हा दुसरा. पाच गोष्टी पाहिल्या.

एक, मूठ सावकाश फिरवली. खरखर, अडखळणे किंवा ठरावीक जागी जड होणे नको. मग मूठ वरखाली हलवून पाहिली. किंचित हालचाल चालते, खडखड नको.

दोन, मूठ फिरवता फिरवता थांबून झटक्याने उलटी दाबली. ती जागच्या जागी अडली पाहिजे. हीच तपासणी आम्ही दहा-बारा वेळा केली, कारण पहिल्या रीलने इथेच दगा दिला होता.

तीन, ड्रॅगची चकती मध्यम आवळून दोर हाताने ओढला. तो एकसारखा, न अडखळता सुटायला हवा. आधी घट्ट आणि मग एकदम सैल, असे झाले तर त्या पहिल्या झटक्यालाच दोर तुटतो. खोक्यावर "कमाल ड्रॅग १० किलो" लिहिलेले असते. खाडीत गरवणाऱ्याला त्याच्या चौथाईचीही गरज क्वचितच पडते. जोर किती यापेक्षा तो सुटतो कसा हे महत्त्वाचे.

चार, कडी उघडून हाताने बंद केली. स्प्रिंग खणखणीत हवी. कडीच्या टोकाचा रोलर बोटाने फिरला पाहिजे. तो अडकलेला असेल तर दोर एकाच जागी घासून कमजोर होतो.

पाच, सुटे भाग मिळतात का, हे विचारले. आमच्या चुलतभावाने कुवेतहून पाठवलेली एक दणकट रील कपाटात पडून आहे. तिची कडीची स्प्रिंग तुटली आणि इथे कुठे मिळाली नाही. आखातातून भेट मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. इथल्या दुकानात दुरुस्त होणारी साधी रील ही दुरुस्त न होणाऱ्या भारी रीलपेक्षा बरी.

दुकानदाराने शिमानो, दायवा, ओकुमा, पेन अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या रीली पुढ्यात मांडल्या. या सगळ्यांच्या वरच्या किमतीच्या रीली आहेत, तशा खालच्या किमतीच्याही आहेत. नाव पाहून डोळे मिटू नयेत. नावाजलेल्या नावांत एखादे अक्षर बदलून विकलेला नकली मालही असतो. पक्के बिल घ्यावे.

आकार आणि दोर

रीलवर २५००, ४०००, ६००० असे आकडे असतात. तो आकार, पण प्रत्येक कंपनीचे माप थोडे वेगळे असते. म्हणून फिरकीवर किती जाडीचा किती मीटर दोर मावतो ते लिहिलेले असते, ते वाचावे. खाडीतल्या तांबोशी, शिंगाळा, मध्यम जिताड्यासाठी ४००० चा आकार पुरतो. मोठी रील घेतली तर काठी जड होते आणि म्हाताऱ्या मनगटाला अर्ध्या तासात कळ लागते.

दोर आम्ही साधा नायलॉनचाच घेतला. विणलेला दोर बारीक आणि मजबूत असतो, पण बोट लवकर कापतो. अब्बांसाठी ती जोखीम नको होती. स्पिनिंग रीलने फेकताना दोर क्षणभर तर्जनीवर धरावा लागतो. म्हणून चांभाराकडून चामड्याची टोपी शिवून घेतली, ती अब्बा उजव्या तर्जनीत घालतात. मूठ डावीकडची उजवीकडे बदलता येते, हेही दुकानातच करून पाहिले.

फिरकी काठोकाठ भरू नये. कडेपासून दोनेक मिलिमीटर जागा सोडावी. जास्त भरली तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरली तर दोर लांब जात नाही. भरताना कुणीतरी ओल्या फडक्यात दोर चिमटून धरावा, म्हणजे तो घट्ट बसतो. आमच्या घरी हे काम धाकट्याच्या बहिणीने केले.

खर्चाचा हिशेब असा: रील २,४०० रुपये, काठी १,१०० आणि दोर, गळ, शिसे मिळून २५०. म्हणजे एकूण ३,७५०. यापेक्षा महाग रील होत्या. आमच्या वापराला त्यांतले जास्तीचे काही लागणार नव्हते.

ब्रेक किती आवळायचा

नियम सोपा आहे. दोर जेवढ्या किलोला तुटतो, त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग सुटला पाहिजे. आमचा दोर आठ किलोचा, म्हणून दोन-अडीच किलो. शाळेतला ताणकाटा घरी आणला, दोराचे टोक त्याच्या आकड्याला बांधले आणि काठी धरून ओढले. फिरकी सुटते तेव्हा काटा कुठे आहे ते धाकट्याने वाचायचे, अब्बांनी चकती फिरवायची. चार वेळा करून दोन किलोवर लावला. आठवीच्या पुस्तकात वर्षभर वाचलेले घर्षण त्याला त्या पाच मिनिटांत समजले, असे आम्हाला वाटते.

निगा

खाऱ्या पाण्याची खाडी ही रीलची खरी परीक्षा. घरी आल्यावर आधी ड्रॅग घट्ट आवळावा, म्हणजे आत पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. नळाचा जोर नको आणि बादलीत बुडवणे तर मुळीच नको, कारण मीठच आत जाते. फडक्याने पुसून सावलीत वाळवावी आणि ठेवताना ड्रॅग सैल करावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. महिन्यातून एकदा रोलरला आणि मुठीच्या सांध्याला तेलाचा एकच थेंब द्यावा. ग्रीस दात्यांच्या चाकांना, तेही बोटाच्या टोकाएवढे. फेकल्यानंतर कडी मूठ फिरवून नव्हे तर हाताने बंद करावी. दोराला पीळ कमी पडतो, स्प्रिंगही जास्त टिकते.

नव्या रीलवर पहिला लागला तो शिंगाळा. ड्रॅग किर्रर्र वाजला तसे अब्बा ओरडले, "अरे, ये इकडे, मूठ धर!" दोघांनी मिळून तो वर घेतला. शिंगाळ्याचा काटा विषारी, म्हणून गळ पकडीने सोडवला. अब्बांच्या बोटांना काही लागले नाही. लाकडी पट्टी पुन्हा माळ्यावर गेली.

ती ९५० रुपयांची रील आम्ही फेकली नाही. ती उघडून शाळेत नेली आहे. दात्यांची चाके शिकवताना मुले तिची मूठ फिरवतात आणि एका फेऱ्यात कडी किती वेळा फिरते ते मोजतात. धाकट्याला आम्ही सांगितले की तुझी ईदी वाया गेली नाही. त्याला ते पटले की नाही, ठाऊक नाही. पण रोज मगरिबनंतर दादांची रील धुण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे, आणि ते तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही.