साखळीला बांधलेली खीळ

वाकवलेली पोलादी नळी, वर गोल काच. पाया पलंगाखाली सरकला की काच थेट मांडीवर येते. उंची कमीजास्त करायला दांड्याला भोकं आणि साखळीला बांधलेली एक खीळ, हरवू नये म्हणून. आजारपणात अंथरुणात बसून जेवलेल्या कुणालाही हे टेबल लगेच कळेल.

ते घडवणारी आयलीन ग्रे १८७८ साली आयर्लंडमध्ये जन्मली. पॅरिसमध्ये ती सेइझो सुगावारांकडून जपानी लॅकर शिकली. थरावर थर चढवताना हातांवर पुरळ उठायचं, तरी तिने काम सोडलं नाही. तिचा नळीदिवा म्हणजे उभी, उघडी प्रकाशरेषाच. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठी तिने ‘ई-१०२७’ हे घर १९२९मध्ये पुरं केलं. पुढे त्याच्या भिंती वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने तिला न विचारता रंगवल्या. आम्हाला हा अपमानच वाटतो.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी माणिकबाग राजवाड्यासाठी तिची ‘ट्रान्झॅट’ खुर्ची घेतली, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. तिच्या नावाला खरा मान मिळाला तो वयाच्या नव्वदीच्या आसपास.

आमच्या मुखपृष्ठावर त्या टेबलाची खीळच मुद्दाम मोठी करून छापली आहे.