हजेरीपटाबाहेरचा कामगार

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात कामगार संघांच्या मान्यतेविषयी जे कलम आहे, त्याचा आमच्या शहराशी किती निकटचा संबंध आहे हे अद्याप कोणी मोकळेपणाने बोलून दाखविलेले आमच्या ऐकण्यात नाही. म्हणून ते काम आज आम्ही पत्करीत आहोत. संहितेचा नियम थोडक्यात असा की, एका कारखान्यात एकाहून अधिक संघ असल्यास ज्या संघास हजेरीपटावरील शेकडा ५१ कामगारांचा पाठिंबा असेल त्यानेच मालकाशी वाटाघाट करावी. तसा संघ नसेल तर शेकडा २० किंवा अधिक पाठिंबा असलेल्या संघांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ बनवावे. बहुमताच्या या तत्त्वास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु अपूर्णांकास अंश असतो तसा छेदही असतो. शेकडा ५१ हा अंश झाला. तो ज्याचा धरावयाचा तो हजेरीपट हा छेद होय, आणि तो मालकाच्या दिवाणजीच्या लेखणीतून उतरतो. वाटाघाटीतील एका पक्षाने दुसऱ्या पक्षाची जनगणना करावी, ही व्यवस्था ज्यास न्यायाची वाटत असेल त्याने आमच्याबरोबर पूर्व भागातील एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात क्षणभर यावे.

तेथे टॉवेल विणले जातात. मागांवर उभे असलेले विणकर नगावर मजुरी घेतात. कांड्या भरणाऱ्या बायका कारखान्याच्या कोपऱ्यात तरी बसतात, नाहीतर सूत घरी नेतात. ताणा तयार करणारा आज या मालकाकडे तर उद्या त्या मालकाकडे असतो. काठ शिवणारी आपल्या घरच्या शिलाईयंत्रावर काम करून डझनाच्या हिशोबाने पैसे घेते. गाठी बांधणारा व गाडीवर चढविणारा हमाल मुकादमाचा माणूस म्हणून ओळखला जातो. यांपैकी एकाचेही काम वगळले तर टॉवेल बाजारात येत नाही. पण हजेरीपट उघडून पाहिला तर किती नावे सापडतील? काही कारखान्यांत थोडी सापडतील, काहींत तो पटच सापडणार नाही. आणि एकाच छपराखालचे माग घरातील निरनिराळ्या नावांवर वाटून टाकलेले असले म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तेथे कारखानाही सापडणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा कामगारांची मर्यादा होती; नव्या संहितांनी ती वीस केली. सोलापुरासारख्या लहान कारखान्यांच्या गावी या दहाचे वीस होण्याने काय घडते, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

हा प्रश्न नवा नाही. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या, आणि दरवाजाशी पहाटे उभा राहणारा बदली कामगारही आला. भोंगा झाल्यावर कोणी गैरहजर असेल तर याला आत घ्यावयाचे, नसेल तर घरी पाठवावयाचे. वर्षानुवर्षे गिरणीत काम करूनही तो गिरणीचा म्हणून गणला जात नसे. याच शहरात गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली तारेच्या कुंपणाआड ठेवलेली सेटलमेंट होती. तेथील स्त्रीपुरुष गिरण्यांत कामास जात आणि परत आल्यावर त्यांची पुन्हा हजेरी घेतली जाई. ज्याचे नाव एकाच दिवशी दोन पटांवर पुकारले जात होते, त्याचे म्हणणे मात्र कोणत्याच मेजावर येत नव्हते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला.

कामगार चळवळीसही या बाबतीत फार शहाणपण सांगण्याचा अधिकार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकामखात्यात चांगली मजुरी होती. तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारास शिरकाव नव्हता, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे व स्पृश्यांस त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी संपाच्या मागण्यांत ही गोष्ट आणावी म्हणून डॉ. आंबेडकरांस पुढाऱ्यांशी भांडावे लागले. आपली जूट कोणाची, हे ठरविताना कामगारही मालकाइतकाच कोता होऊ शकतो, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही. आज आमच्या शहरातील संघांच्या यादीत कांडीवाली आणि शिलाईवाली कितीशा आहेत, हे संघांच्या चिटणिसांनी स्वतःच मोजून पाहावे.

आता बिडी घ्या. हजारो घरांची चूल ज्या धंद्यावर चालते त्यातील कामगार बहुतांशी स्त्री आहे व ती घरी बसून काम करते. कारखानदाराच्या शाखेतून पान, तंबाखू व दोरा आणावा, बिड्या वळाव्या, जुड्या बांधून परत न्याव्या, तपासनिसाने ज्या नापसंत केल्या त्यांची मजुरी सोडून द्यावी, असा क्रम. ही स्त्री कोणाची नोकर? न्यायालयांचीच याविषयी किती तारांबळ उडाली ते पाहा. १९६० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात ठरविले की, कारखान्यात येऊन नगावर बिड्या वळणारे लोक कामगारच होत. वेळेची थोडी मोकळीक असली तरी माल नापसंत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे व तोच त्याचा ताबा. पुढे वर्षही झाले नाही तोच त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातीलच दुसऱ्या एका खटल्यात बहुमताने ठरविले की, तसाच एक बिडी वळणारा कारखाना कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. कारण त्याने किती वेळ यावे व किती काम करावे याचे बंधन नाही. बिड्या त्याच, बोटे तशीच, आणि एक आत तर एक बाहेर! अखेर १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांचा निराळा कायदा करून घरी बिड्या वळणाऱ्यासही कामगारांत धरले. कारखानदारांनी तो कायदा न्यायालयात नेला. १९७४ साली तो वैध ठरला. पुढे घरकामगार बिडीवालीस भविष्यनिर्वाह निधीपर्यंत दाद मागता आली. आता तो कायदा नव्या संहितांत विलीन होऊन नाहीसा झाला आहे. अशा वेळी वाटाघाटीचा छेद म्हणून पुन्हा हजेरीपटच पुढे केला तर घरी बसणाऱ्या स्त्रीस साठ वर्षांपूर्वीच्या उंबऱ्यावर नेऊन सोडल्यासारखे होईल.

मग कसोटी कोणती लावावी? आमच्या मते ती शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. १९७८ साली केरळातील दोरखंडाच्या एका कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कामगार कंत्राटदाराने आणलेले, सबब आपले नव्हेत, असे मालकाचे म्हणणे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधला पडदा दूर सारून विचारले की, जागा कोणाची, कच्चा माल कोणाचा, तयार माल कोणाचा, आणि हाताला काम न दिल्यास या माणसाचे पोट कोणामुळे उपाशी राहते? ज्याच्यामुळे राहते तो मालक. सोलापुरात हीच विचारणा करावी. सूत किंवा पान कोण देतो, दर कोण ठरवितो, माल नापसंत कोण करतो, या तीन प्रश्नांचे उत्तर ज्या कामगारांच्या बाबतीत एकच येते ते सर्व एका गटातले. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने हे काम एका स्वतंत्र मंडळाकडे सोपविले आहे. तेथे वाटाघाटीचा गट ठरविताना कामाचे स्वरूप, मजुरीची पद्धत, देखरेख इत्यादींवरून हितसंबंधांची एकता पाहतात. कोणाचे नाव कोणत्या वहीत आहे तेवढ्याने काम भागत नाही. ते मंडळही राजकारणाच्या वाऱ्याने हलते हे खरे, पण निदान गणना करणारा वाटाघाटीतील पक्षकार नसतो.

गटाबाहेर कोणास ठेवावे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. संहिता पर्यवेक्षकास दरमहा १८,००० रुपयांच्या रेषेवर तोलते. ही रेषा आम्हास भोंगळ वाटते. ताग्यांची मोजणी करून वही लिहिणारा कारकून, त्यास पर्यवेक्षक म्हटले व पगार रेषेवर गेला की बाहेर पडावयाचा. आणि कोणास कामावर घ्यावे व कोणाचा माग काढून घ्यावा हे ज्याच्या शब्दावर चालते तो जॉबर कमी पगारामुळे कामगार म्हणून सभेत बसावयाचा! जुन्या गिरण्यांत जॉबरास दस्तुरी दिल्यावाचून माग मिळत नसे, ही गोष्ट आमच्या शहरातील वृद्धांस ठाऊक आहे. नेमण्याचा व काढण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो बाहेर. मग त्याचा पगार काहीही असो. स्वतःचे दोन-चार माग घेऊन दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे. घरची माणसेच राबत असतील तर सूत देणाऱ्या व्यापाऱ्यापुढे ते कुटुंब कामगारच होय; पण परका मजूर ठेवल्याबरोबर त्या मजुरापुढे ते मालक ठरते, व तेथे त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवू नये.

आमचे व्यापारी मित्र म्हणतील की, असा शहरभर एकच गट केला तर चार मागांचा धनी बुडेल. आम्हास उलट वाटते. आज जो मालक पटावर नावे घालतो व निधीचे पैसे भरतो, त्याला खरा तोटा शेजारच्या बिनपटाच्या कारखान्याकडून होतो. दर सर्वांस एक झाला तर चढाओढ विणीची, रंगाची व टिकाऊपणाची होईल. सोलापुरी चादरीचे नाव विणीमुळे झाले आहे. मजुराच्या पोटास चिमटा घेऊन ते टिकणारे नव्हे.

शहर हाच गट धरण्याची कल्पना आमच्या प्रांतास अपरिचित नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एका स्थानिक क्षेत्रातील सबंध उद्योग हाच एकक धरला होता व कंत्राटदाराचा कामगारही त्यात येई. तेवढा भाग चांगला होता. दोष होता मोजणीत. शेकडा २५ सभासद दाखविले की एक संघ सर्वांचा प्रतिनिधी होई, आणि एकदा झालेला प्रतिनिधी कामगारांस नकोसा झाला तरी तो हलविणे दुष्कर असे. गुप्त मतदान नव्हतेच. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच होता. ज्याशी बोलावयाचे त्याच्यामागे माणसे नाहीत, आणि ज्याच्यामागे माणसे त्याशी बोलावयाचे नाही, अशा कोंडीत तो संप सापडला. पुढे गिरणगावाचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. तेव्हा विस्तार १९४६ चा घ्यावा व मोजणी मतपेटीने करावी, असे आमचे म्हणणे आहे.

यासाठी संहितेत उद्या दुरुस्ती होईल अशा भ्रमात आम्ही नाही. पण जेवढे येथे करता येण्यासारखे आहे तेवढे तरी व्हावे. कामगार आयुक्तांच्या कार्यालयाने यंत्रमागाच्या कारखान्यांची व बिडीच्या शाखांची पाहणी करून मालकाच्या पटाशेजारी स्वतःची दुसरी यादी ठेवावी. तीत कांड्या भरणारी, काठ शिवणारी, घरी बिड्या वळणारी, बदली व हमाल यांची नावे, ते कोणाचा माल हाताळतात त्या नावासह, असावीत. वीजजोडण्यांवरून व शाखांच्या वाटपवह्यांवरून हे काम अशक्य नाही. यादी तेलुगू, मराठी, कानडी व उर्दू अशा चारही भाषांत गल्लीत लावावी व हरकती घेण्यास महिना द्यावा. यंत्रमागधारकांच्या संस्थेने आणि संघांनी मिळून तीच यादी मतदानासाठी मानण्याचे आपसांत ठरविल्यास त्यास कायद्याची आडकाठी नाही; दोन पक्षांनी खुषीने केलेल्या कराराने हे होऊ शकते. पहिले पाऊल मालकांनी टाकावे की संघांनी, याचा वाद घालीत बसण्यापेक्षा पुढील मजुरीवाढीची बोलणी सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या चिटणिसांनी एका मेजाशी बसावे, आणि त्या बैठकीस एका तरी कांडीवालीस बोलवावे.