आमच्या आजारपणाचा हिशेब

सिक लीव्हचा कागद दिसला की वरिष्ठांना कामचुकारपणाच दिसतो. लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांना त्यात विज्ञान दिसले. बस कामगारांच्या आजारांच्या नोंदी तपासून त्यांनी १९५३ साली दाखवले की, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. टपाल खात्यातही तेच! पायपीट करणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. (यावरून बीट वाढवावी, असा अर्थ साहेबांनी काढू नये.) आपल्याकडे पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीही रेल्वे कामगारांच्या हृदयविकाराचा अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध केला. बंधूंनो, आमची मागणी सरळ आहे. लोको पायलट, सॉर्टर, काउंटरवरील कर्मचारी यांच्या आजारांच्या नोंदी नावे वगळून संशोधकांना द्याव्यात, आणि निष्कर्ष युनियनलाही कळवावेत.