अपग्रेडची घाई कुणाला?

मंडळाच्या गेल्या बैठकीत सगळ्यात जास्त वाद अंकाच्या मुखपृष्ठावरून झाला नाही, कवितांच्या निवडीवरूनही नाही. तो झाला फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर नवं घ्यायचं की नाही यावरून. पाऊण तास आम्ही भांडलो, शेवटी सर म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू," आणि चहा आला. अंकाच्या फोटोंचं काम दोन वर्षं माझ्याकडे आहे. त्या दिवशी चारचौघांच्या आवाजात माझं म्हणणं नीट मांडताच आलं नाही, म्हणून ते इथं लिहून देतेय.

आपल्याकडे लाइटरूम ६ आहे. २०१५ साली आलेलं हे लाइटरूम एकदाच पैसे भरून विकत घेता येणारं शेवटचं. त्याला शेवटचा अपडेट मिळाला २०१७ च्या डिसेंबरात. पुढचं सगळं वर्गणीवर. म्हणजे आपलं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय, हे कबूल. तरी इतके दिवस कुणाची तक्रार नव्हती. वाद सुरू झाला तो नवा कॅमेरा आल्यावर. कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांची रॉ फाइल 'सीआर ३' प्रकारची असते. हा प्रकार आला २०१८ मध्ये, म्हणजे लाइटरूम ६ चे अपडेट थांबल्यानंतर. त्यामुळे जुन्या लाइटरूमला ती फाइल ओळखता येत नाही. बैठकीत लगेच निकाल लागला: फाइल उघडत नाही, म्हणजे सॉफ्टवेअर मेलं.

मेलेलं नाही. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद, आणि ती लिहायची पद्धत कंपनीगणिक, मॉडेलगणिक वेगळी असते. ती वाचायला मधे दुभाषा लागतो. अ‍ॅडोबीनं २००४ मध्ये डीएनजी नावाचा सामायिक प्रकार काढला. त्यात फाइल बदलून देणारा डीएनजी कन्व्हर्टर आजही फुकट मिळतो. सीआर ३ त्यातून काढली की लाइटरूम ६ ती मुकाट्यानं उघडतं. फक्त कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्तीला चालेल असा पर्याय निवडायला विसरायचं नाही. एक पायरी वाढते, डिस्कवर जागा जास्त जाते, वक्तृत्व स्पर्धेचे फोटो बदलून होईपर्यंत कँटीनला जाऊन येता येतं. एवढाच त्रास. आणि खरं सांगू का, आपल्या अंकातला फोटो लोक मोबाईलवर बघतात, तळहाताएवढा. निम्म्या कार्यक्रमांना रॉची गरजच नसते, जेपेग पुरे.

समोरच्या बाजूचं म्हणणं असं की वर्गणी काही फार नाही, सगळ्यांनी मिळून भरू. भरू, पण कुणाच्या कार्डावरून? आपला खजिनदार दर जूनला बदलतो. मे महिन्यात सगळे गावाला गेलेले असतात. वर्षभराचा करार करून दरमहा पैसे भरण्याची योजना मधेच सोडली तर रद्द करण्याचं शुल्क पडतं. हे शुल्क ग्राहकांपासून दडवल्याच्या आरोपावरून अमेरिकन सरकारनं २०२४ च्या जूनमध्ये अ‍ॅडोबीवर खटलाही भरला होता. मी वर्गणीच्या विरोधात नाही. ज्याचं पोट फोटोग्राफीवर आहे, लग्नाच्या सीझनमध्ये ज्याला रोज हजार फोटो हातावेगळे करायचे असतात, त्यानं जरूर भरावी. ते भाड्याच्या दुकानासारखं आहे, धंदा चालला की भाडं निघतं. मंडळाचा धंदा नाही.

वर्गणी थांबली तर सगळे फोटो जातील, असंही कुणीतरी घाबरवलं. ते खोटं आहे. नव्या लाइटरूम क्लासिकमध्ये वर्गणी संपली तरी फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात. बंद होतो तो डेव्हलप विभाग, म्हणजे ज्यासाठी आपण ते घेतलं तोच. पण घाबरण्यासारखी एक दुसरी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही.

लाइटरूम मूळ फोटोला हातच लावत नाही. आपण उजेड वाढवला, कडा कापल्या, पिवळेपणा काढला, हे सगळं एखाद्या पाककृतीसारखं वेगळं लिहून ठेवलं जातं आणि त्या वहीचं नाव कॅटलॉग. आमच्याआधीच्या तीन बॅचची मेहनत त्या एका फाइलीत आहे. नवी आवृत्ती टाकली की ती या कॅटलॉगची नवी प्रत तयार करते, आणि ती नवी प्रत जुन्या आवृत्तीत उघडत नाही. सहा महिन्यांनी वर्गणी परवडली नाही आणि आपण परत लाइटरूम ६ वर आलो, तर सापडेल ती सहा महिन्यांपूर्वीची वही. मधलं काम तिच्यात नसेल. म्हणून अपग्रेड करा किंवा करू नका, पण त्याआधी कॅटलॉगची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, फोटोंसोबत एक्सएमपी फाइली लिहून घ्यायला हव्यात आणि महत्त्वाचे फोटो पूर्ण आकारात बाहेर काढून ठेवायला हवेत. दोन शनिवारांचं काम आहे. आजवर कुणी केलेलं नाही, मीही नाही.

आता एक ठिकाण असं आहे जिथं मी बदलाच्या बाजूनं आहे. आपलं पोस्टरचं सॉफ्टवेअर. ते लाइटरूमपेक्षाही जुनं आहे आणि त्याला देवनागरी येत नाही. गेल्या नाताळच्या पोस्टरवर 'ख्रिस्त' लिहिताना अक्षरांचे पाय मोडून लोंबकळत होते आणि वेलांटी भलत्याच जागी. शेवटी मजकूर दुसरीकडे टाइप करून त्याचा स्क्रीनशॉट चिकटवला. तो जरा धुरकट आला आणि फादर म्हणाले, "छान आहे, पण हे पावसात भिजलं होतं का?" मराठी मंडळाच्या पोस्टरवर मराठीची ही दशा असेल तर माझ्याकडे बचाव नाही. पण तिथंही पैसे भरायला लागतातच असं नाही. गिम्प फुकट आहे, १९९६ पासून चालत आलंय आणि त्यात जोडाक्षरं नीट बसतात. २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीत फिल्टर मागाहून बदलता किंवा काढून टाकता येतात. मेनू शोधताना पहिले काही दिवस डोकं उठतं, हे मात्र अनुभवानं सांगते.

राहिला एआय. अपग्रेडच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे डोळे चमकतात ते इथं. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेलं डीनॉइज मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर वापरून पाहिलंय. आपल्या सभागृहाच्या मरतुकड्या उजेडात काढलेल्या नाटकाच्या फोटोंतले दाणे ते खरंच सुंदर काढतं. हा एक मुद्दा मला आतून पटतो. पण सगळंच एआय दाणे काढून थांबत नाही.

गेल्या वर्षी आजोबांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या मिस्सेसाठी स्मृतिकार्ड छापायचं होतं. आमच्याकडे त्यांचा तरुणपणीचा एकच फोटो, पासपोर्टाएवढा, कोपऱ्यात चिरलेला, चेहरा पुसट. मी मोबाईलमधल्या एका नव्या अ‍ॅपात टाकला. दहा सेकंदांत चेहरा असा लखलखीत आला की मी धावत आजीकडे गेले. तिनं चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला आणि विचारलं, "हा कोण गं?"

मी म्हटलं, "आजी, आजोबा."

"त्यांचा डावा डोळा जरा बारीक होता. सायकलवरून पडले होते लहानपणी." तिनं मोबाईल परत दिला. "हा कुणीतरी चांगला मुलगा आहे. पण हे ते नव्हेत."

अ‍ॅपनं पुसट भाग भरून काढला होता, हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधून. बारीक डोळा त्याला बिघाड वाटला असावा. मी पुन्हा तोच चिरलेला फोटो घेतला, स्कॅन केला आणि लाइटरूम ६ मध्ये फक्त चिरा काढल्या, थोडा उजेड वाढवला. चेहरा पुसटच राहिला. तोच कार्डावर छापला, आणि आजीनं तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय.

त्यामुळे मंडळाच्या जुन्या फोटोंवर, म्हणजे निवृत्त झालेल्या, काही तर आता हयात नसलेल्या सरांच्या, मॅडमांच्या फोटोंवर एआयचं बटण कुणी सरसकट दाबू नये, एवढं तरी आपण ठरवून लिहून ठेवावं. सॉफ्टवेअर कुठलंही घेतलं तरी.

माझं मत असं: लाइटरूम ६ आत्ता चालू ठेवावं, पोस्टर गिम्पवर न्यावीत. मीडिया रूमचा कॉम्प्युटर बदलला आणि नव्यावर जुनं सॉफ्टवेअर बसलंच नाही, तर प्रश्न पुन्हा काढू, तेव्हा मीही हात वर करीन. नाटकाच्या फोटोंसाठी डीनॉइज हवंच असेल तर सात दिवसांची मोफत चाचणी मिळते. ती नव्या, रिकाम्या कॅटलॉगवर करा, आपल्या कॅटलॉगला धक्का लावू नका आणि सातव्या दिवसाच्या आत ती आठवणीनं रद्द करा.

येत्या शनिवारी दुपारी मी कॅटलॉगची प्रत घ्यायला मीडिया रूममध्ये बसणार आहे. कुणाकडे रिकामी हार्ड डिस्क असेल तर घेऊन या.