लेझरने कोरलेल्या दातात सिमेंट टिकतं का?

दातात भरायची ‘चांदी’ २०३४पर्यंत जगभरातून बंद करायची, असं मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२५मध्ये जिनिव्हात ठरवलं. ही चांदी म्हणजे अमाल्गम, आणि त्यात जवळपास निम्मा पारा असतो. भारतानेही या करारावर २०१८मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. म्हणजे यापुढे आपल्या दातात बहुतेक करून दाताच्या रंगाचं कंपोझिट बसणार. नेमक्या याच वेळी ‘ड्रिल नाही, दुखणं नाही, लेझरने दात भरा’ अशा जाहिराती वाढल्या आहेत. तापासाठी आलेले वसई-विरारचे पेशंट उठता उठता विचारतात, ‘डॉक्टर, लेझरला जास्त पैसे द्यावेत का?’ मी दंतवैद्य नाही, पण प्रश्न रास्त आहे.

चांदी खड्ड्याच्या आकारामुळे अडकून बसते. कंपोझिटला मात्र दाताला चिकटावं लागतं. त्यासाठी दातावर काही सेकंद फॉस्फोरिक आम्लाचं जेल लावून पृष्ठभाग खरखरीत करतात, धुतात, चिकटद्रव लावतात आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. आम्लाची ही युक्ती १९५५ची, बुओनोकोर या दंतवैद्याची. या सगळ्यात मध्येच थुंकी लागली की पकड गेली.

दात कोरणारं लेझर अर्बियम जातीचं असतं. त्याची ऊर्जा दातातलं पाणी शोषून घेतं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि दाताचे सूक्ष्म कण उडतात. किडलेल्या भागात पाणी जास्त, म्हणून तो आधी निघतो. ड्रिलने घासल्यावर उरतो तसा भुशाचा थर इथे राहत नाही, पृष्ठभाग आपोआप खरखरीत होतो. त्यामुळे सुरुवातीला वाटलं, आता आम्लाची गरजच नाही. पण तसं झालं नाही. इनॅमलखालच्या डेंटिनमध्ये कोलॅजन या प्रथिनाची बारीक जाळी असते. चिकटद्रव त्या जाळीत मुरला तर धरतो. लेझरच्या उष्णतेने जाळीचा वरचा पातळ थर बिघडतो आणि द्रव नीट आत जात नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत लेझरवरची पकड कधी ड्रिलइतकी, तर कधी कमी भरली आहे. म्हणून लेझरनंतरही चिकटवण्याच्या पायऱ्या गाळून चालत नाही.

मग फायदा कुठे? २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात ९ चाचण्या आणि ६६२ रुग्ण होते. लेझरने दुखणं आणि भुलीच्या इंजेक्शनची गरज कमी दिसली. कीड काढण्यात मात्र ड्रिलपेक्षा सरस असल्याचं दिसलं नाही, आणि हे पुरावेही कमकुवत दर्जाचे होते. ड्रिलच्या आवाजानेच रडणाऱ्या मुलासाठी मी लेझरचा खर्च समजू शकतो. ‘सिमेंट जास्त वर्षं टिकेल’ म्हणून देऊ नका.

पाटीवर ‘लेझर’ लिहिलं म्हणजे ते दात कोरणारंच असतं असंही नाही. अनेक दवाखान्यांतलं छोटं डायोड लेझर हिरड्यांसाठी असतं, त्याने दात कोरला जात नाही. जुनी चांदी काढायलाही लेझर वापरत नाहीत. आणि चांदी शाबूत असेल, त्रास नसेल, तर जिनिव्हाची बातमी वाचून ती उकरून काढू नका. अमेरिकेच्या एफडीएनेही २०२०मध्ये हाच सल्ला दिला आहे.

खुर्चीत बसण्यापूर्वी विचारा: लेझर अर्बियम आहे का? त्यानंतर आम्ल लावणार का? दात कोरडा ठेवायला रबर डॅम लावणार का? सिमेंट वर्षभरात निघालं तर पुन्हा पैसे पडतील का? उत्तरं देताना टाळाटाळ झाली तर दुसरीकडे दाखवा. खर्चाचा प्रश्न असेल तर महापालिकेचं नायर दंत रुग्णालय मुंबई सेंट्रलला आहे, विरार लोकलने थेट जाता येतं. सकाळी लवकर निघा.